निधी कुठून आणू? एका नव्या सरपंच ताईंच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना पण कळावा म्हणून थोडक्यात परत मांडतो. गाव दोन हजार लोकवस्तीचं, मार्च लागला की टँकर, पोरं कामाला बाहेर, बचत गट चौदा आहेत पण धंदा एकाचाही नाही. तुम्ही पहिल्यांदाच सरपंच झालात, वित्त आयोगाचे वर्षाला ११ लाखाच्या आसपास येतात आणि एक कन्सल्टंट म्हणतोय लाख रुपये द्या, दोन कोटींचा डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) बनवतो आणि मंजूर पण करून आणतो. तर गावाचा विकास आराखडा करायचा कसा, पैसा आणायचा कुठून, आणि कंपन्यांचा सीएसआर म्हणजे सामाजिक कामाचा निधी मिळेल का.

पहिलं म्हणजे त्या माणसाला रुपया देऊ नका. ग्रामपंचायतीच्या आराखड्याला बाहेरच्या माणसाचा डीपीआर लागतच नाही, इस्टिमेट पंचायत समितीच्या बांधकामाचे किंवा पाणीपुरवठ्याचे शाखा अभियंता करतात, ते त्यांचं कामच आहे. आणि मंजूर करून आणतो म्हणणारा माणूस पुढे ठेकेदारही आपलाच आणतो, हे मी इतक्या गावांत बघितलंय की आता नुसतं ऐकलं तरी पोटात गोळा येतो.

मी वीस-बावीस वर्षं गावांचे आराखडे करून घेण्याच्या कामात आहे, सरपंच, ग्रामसेवक, गटाच्या बायका यांचं प्रशिक्षण घेतो. एवढ्या वर्षांत एकच गोष्ट पक्की झाली. बहुतेक गावं योजनेवरून आराखडा करतात. यंदा पेव्हर ब्लॉकला पैसे आहेत म्हणजे आपली गरज पेव्हर ब्लॉक, पुढच्या वर्षी हायमास्ट आला की गरज हायमास्ट. पाच वर्षांनी गावात ब्लॉक असतात, खांब असतात, आणि टँकर असतोच. उलटं करायचं. आधी गावाची अडचण तिच्या मुळापर्यंत लिहून काढायची, मग तिचे तुकडे पाडायचे आणि कुठला तुकडा कुठल्या पैशात बसतो ते शोधायचं. माझं सगळं सांगणं एवढंच आहे, खाली फक्त ते करायचं कसं ते सांगतो.

तुमच्या पाण्याचंच घेऊ. "पाणीटंचाई" असं आराखड्यात लिहिलं की त्याच्यापुढे "नवीन विहीर ८ लाख" असं कोणीतरी लिहितं आणि विषय संपतो. मागे एका गावात आम्ही असं केलं, मार्चमध्ये पहाटे साडेचारला सार्वजनिक विहिरीवर जाऊन बसलो, दोन बायका आणि मी, हातात वही. कोण आलं, किती हंडे, किती वेळ थांबलं, कुठल्या वस्तीवरून आलं. सकाळी नऊपर्यंत कळलं की विहिरीला पाणी आहे, पण खालच्या आळीतली पाइपलाइन तीन ठिकाणी फुटलेली, वरच्या टोकाला नळाला पाणीच चढत नाही म्हणून वरच्या वाडीच्या बायका खाली विहिरीवर येतात. गावाला वाटत होतं विहीर आटते. विहीर आटत होती ती मेमध्ये, मार्चमधला त्रास गळतीचा होता. त्या वहीतल्या चार पानांनी आठ लाखांचं काम बदललं. तुम्ही पण शिवारफेरी काढा, पण नुसती फोटोपुरती नको, ओढ्याच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत चाला, कुठला बंधारा गाळाने भरलाय, कुठल्या विहिरीला कधीपर्यंत पाणी असतं, बोअर किती झालेत, सगळं विचारा. आणि बायकांना वेगळं विचारा, पुरुषांच्या घोळक्यात त्या बोलत नाहीत.

आता तुकडे. पावसाचं पाणी शिवारात अडवायचं हा एक तुकडा, बांधबंदिस्ती, समतल चर, गाळ काढणं, हे मजुराचं काम जास्त म्हणून रोजगार हमीत बसतं, मृद व जलसंधारण विभागाकडेही जातं. रोहयो तर आपल्याच राज्यात जन्मली, १९७२च्या दुष्काळात वि. स. पागेंच्या कल्पनेतून, १९७७ला तिचा कायदा झाला आणि पुढे २००५ला केंद्राने देशभराचा कायदा केला (त्याच्या जागी २०२५ला नवा कायदा आला), आणि आपलीच गावं ती वापरायला कंटाळा करतात याचं मला वाईट वाटतं. त्यात मजुरी आणि साहित्याचं गणित (२००५च्या कायद्यात ६०:४०) सांभाळावं लागतं म्हणून नुसती सिमेंटची कामं टाकून चालत नाही, मातीची कामं सोबत घ्या, आणि कामं आधीपासून शेल्फवर म्हणजे तयार कामांच्या यादीत मंजूर करून ठेवा, मजुराने काम मागितल्यावर कागद गोळा करायला लागलात की तो शहरात निघून गेलेला असतो. दुसरा तुकडा गळकी पाइपलाइन, व्हॉल्व्ह, टाकीची दुरुस्ती, तो वित्त आयोगाच्या बंधित पैशात, म्हणजे जो ठरवून दिलेल्या कामांवरच खर्चता येतो. तिसरा तुकडा सांडपाणी, प्रत्येक घराला शोषखड्डा, तोही बंधितमध्ये किंवा रोहयोत. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून गटारंच संपवली, डास पण गेले आणि पाणी जमिनीत मुरलं, पुढे हाच नांदेड पॅटर्न म्हणून गाजला. चौथा तुकडा पैशाचा नाहीच, तो नियमाचा आहे. हिवरे बाजारला पोपटराव पवारांनी चर-बंधारे केले ते तर सगळे सांगतात, पण तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पीक ठरतं, ऊस आणि केळीसारखी पिकं घेत नाहीत, शेतीसाठी बोअर पाडायला बंदी आहे. हा तुकडा ग्रामसभेच्या ठरावाचा, याला निधी लागत नाही पण याच्याशिवाय बाकी तीन तुकड्यांचा पैसा दोन उन्हाळ्यात बोअरमधून उपसला जातो.

बघा, एकच अडचण, चार तुकडे, तीन वेगळे पैसे आणि एक ठराव. सरकारी भाषेत याला अभिसरण म्हणतात.

आता तुमच्या ११ लाखांचा हिशेब. १५व्या वित्त आयोगाची २०२१ ते २०२६ची फोड उदाहरण म्हणून घ्या, ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित. म्हणजे ६ लाख ६० हजार बंधित, त्यातले निम्मे पिण्याचं पाणी, पाऊस साठवणं, पुनर्वापर यासाठी आणि निम्मे स्वच्छतेसाठी. उरलेले ४ लाख ४० हजार अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे, फक्त पगार आणि आस्थापनेवर टाकता येत नाहीत. आयोग बदलला की फोड बदलते, १४व्या आयोगात सगळा पैसा थेट ग्रामपंचायतीलाच होता, १५व्यात आपल्या राज्यात ८० टक्के ग्रामपंचायत आणि दहा-दहा टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषद असं झालं, त्यामुळे चालू वर्षाचा जीआर हातात धरूनच बसा. खूप सरपंच इथे चुकतात, चार लाखांच्या अबंधितमध्ये बारा कामं कोंबतात, प्रत्येकाला तीस-पस्तीस हजार, एकही धड होत नाही. त्यापेक्षा हा पैसा असा वापरा की तो दुसरा मोठा पैसा ओढून आणेल, म्हणजे जागेची मोजणी, पाण्याची तपासणी, रोहयोच्या कामाला साहित्यात कमी पडलेली रक्कम. छोटा पैसा मोठ्या पैशाचं बोट धरून चालला पाहिजे.

आणि अकरा लाख हेच सगळं नाही. जिल्हा नियोजन समितीचा पैसा आहे, त्यात जनसुविधा, अनुसूचित जाती वस्ती विकास, आदिवासी वस्ती असेल तर ठक्कर बाप्पा वस्ती सुधार योजना, शिवाय ग्रामविकास खात्याच्या २५१५ या लेखाशीर्षाची कामं, आमदार निधी, खासदार निधी. पेसा गाव (आदिवासी अनुसूचित क्षेत्रातलं) असेल तर पाच टक्के अबंध निधी थेट येतो आणि तो कसा वापरायचा ते ग्रामसभा ठरवते. या सगळ्याचं वेळापत्रक पाठ करा. तुमचा आराखडा २ ऑक्टोबरपासून धरून हिवाळ्यात अंतिम होऊन ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या पोर्टलवर चढतो, जिल्ह्याचा वार्षिक योजनेचा प्रारूप आराखडाही हिवाळ्यातच ठरतो, आणि लोक मागणीपत्र घेऊन फेब्रुवारीत जातात. तेव्हा ताट वाढून झालेलं असतं. दिवाळीच्या आत तुमचे प्रस्ताव त्या त्या खात्याकडे गेलेले पाहिजेत, इनवर्ड नंबर सहीशिक्क्यासकट तुमच्या फाइलला पाहिजे.

प्रस्ताव अडतो कुठे माहितीये? बहुतेक वेळा जागेवर. एका गावात अंगणवाडीची इमारत मंजूर झाली, पैसे आले, जागा एका भल्या माणसाने तोंडी दिलेली, ग्रामसभेत टाळ्या पण झाल्या. डिसेंबरमध्ये लेआउट टाकायला गेलो तर त्याचा धाकटा भाऊ फावड्यापुढे येऊन उभा राहिला, सातबारावर दोघांची नावं, वाटणी झालेली नव्हती. तो भाऊ वाईट नव्हता हो, त्याला कोणी विचारलंच नव्हतं. जानेवारी, फेब्रुवारी समजावण्यात गेले, ३१ मार्चला निधी परत. अजून ती पोरं मंदिराच्या ओसरीत बसतात आणि मला त्या गावात जायला जड जातं, कारण सातबारा बघा असं मी तेव्हा म्हणायला पाहिजे होतं. म्हणून सांगतो, काम आराखड्यात घ्यायच्या आधी उतारा काढा, खाजगी जागा असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या सहीने नोंदणीकृत बक्षीसपत्र, गायरान असेल तर कलेक्टरची परवानगी. फाइलमध्ये उतारा, ठराव, इस्टिमेट, जागेचा फोटो, आधी याच कामाला दुसऱ्या योजनेतून पैसे घेतले नाहीत असा दाखला, एवढं तयार असलं की मार्चच्या तोंडावर जेव्हा एखाद्या खात्याचा पैसा शिल्लक राहतो आणि साहेब विचारतात कुणाचं तयार काम आहे का, तेव्हा तुमची फाइल उचलली जाते. हे नशीब नाही, दरवर्षी होतं.

ग्रामसभेबद्दल थोडं. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातली जी कमी ती. पण शंभर सह्या वही फिरवून घरोघर घेतल्या तर आराखडा कागदावर होईल, लोकांचा होणार नाही, आणि पुढे पाणीपट्टी मागायला गेलात की तेच लोक म्हणतील आम्हाला कुठं विचारलं होतं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायचीच आहे कायद्याने, ती खरीखुरी घ्या, संध्याकाळी घ्या, दुपारी त्या रानात असतात. उमेद या सरकारी अभियानाचा ग्रामसंघ, म्हणजे गावातल्या बचत गटांचा संघ, तुमच्याकडे असेलच, ते दरवर्षी व्हीपीआरपी म्हणजे घरोघरच्या गरजांचा आराखडा करतात, कुणाला रेशन कार्ड नाही, कुणाला पेन्शन नाही, कुणाला शेळीपालन करायचंय. तो ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घ्यायचा असतो आणि बहुतेक ठिकाणी तो कपाटात राहतो. तुम्ही स्वतः बाई आहात, सरपंच आहात, तुम्ही तो वाचलात ना तर निम्मा आराखडा तुम्हाला आयता मिळेल.

आता धंद्याचं, कारण पोरं परत यायची तर नुसत्या रस्त्याने येत नाहीत. इथे मला जास्त काळजी वाटते, कारण रस्ता फसला तर खड्डा पडतो, धंदा फसला तर अकरा घरांवर कर्ज पडतं. एका गटाने डाळ मिल घेतली. मशीन आलं, पूजा झाली, फोटो निघाले. मग कळलं की शेडपर्यंत थ्री फेज नाही. डीपीवरून लाइन ओढायचा खर्च मशीनच्या निम्म्याला लागला, तोवर सात महिने गेले, तुरीचा सीझन गेला आणि हप्ता मात्र पहिल्याच महिन्यापासून सुरू. मी त्या शेडमध्ये गेलो तेव्हा मशीनवरचं प्लास्टिक तसंच होतं आणि अध्यक्ष ताई रोज ते फडक्याने पुसायच्या. त्यांची मेहनत कमी नव्हती, क्रम चुकला. आधी विक्री, मग कच्चा माल, मग वीज-पाणी-शेड आणि शेवटी मशीन. एक सीझन भाड्याच्या मिलवर दोन-चार क्विंटल डाळ करून आठवडी बाजारात आणि तालुक्याच्या दुकानात विकून बघा, गिऱ्हाईक परत येतंय का बघा, मग कर्जाचं बोला.

कर्जाच्या योजनांचं एक गुपित नाही पण कुणी नीट सांगत नाही ते असं, सबसिडी हातात येत नाही. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या पीएमएफएमई या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, स्वतःचे १० टक्के घालायचे. पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ आणि महिला, मागासवर्गीय वगैरेंना ३५ टक्के. पण दोन्हीत ती रक्कम बँकेत राहते, तीन वर्षं खातं नीट चाललं की मग कर्जात वळती होते. म्हणजे दहा लाखाच्या प्रकल्पाला सुरुवातीला साडेतीन लाखाचा आधार हातात धरून हिशेब केलात तर पहिल्या सहा महिन्यात खेळतं भांडवल संपतं. गटाच्या सभासदांना पीएमएफएमईत माणशी ४० हजारापर्यंत बीज भांडवल ग्रामसंघामार्फत होतं, ते अशा वेळी खरं उपयोगी पडतं. प्रकल्प अहवालाला त्यात जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते, तिचं मानधन शासन देतं, गटाकडून पैसे घ्यायचे नसतात. योजना चालू आहे का, मुदत किती, हे अर्ज करायच्या दिवशी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे विचारून घ्या. गोदाम, छोटं शीतगृह, प्रतवारीचं युनिट असं काही असेल तर कृषी पायाभूत सुविधा निधीत २ कोटीपर्यंतच्या कर्जाला ७ वर्षं ३ टक्के व्याज सवलत आहे, ते शेतकरी कंपनीला जास्त जमतं. पण कंपनी फक्त अनुदानासाठी काढू नका, वर्षाचं ऑडिट, रिटर्न, सीए, हा खर्च कंपनी बंद असली तरी लागतो.

आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं, चालवायचं कोणी. तुमची पाइपलाइन होईल, टाकी होईल, मग वीजबिल? एका गावात टाकी इतकी सुंदर रंगवलेली, आणि दोन वर्षांनी कनेक्शन कापलेलं, कारण बिल थकत गेलं आणि दरवेळी कोणीतरी भरेल असं वाटत राहिलं. कामाच्या इस्टिमेटशेजारी दुसरा कागद लावा, वर्षाचं वीजबिल, पाणी सोडणाऱ्याचा पगार, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, मोटार जळली तर तिचं वाइंडिंग. तुमची चारशे कुटुंबं धरली आणि महिन्याला शंभर रुपये पाणीपट्टी आली तर महिन्याचे ४० हजार, वर्षाचे ४ लाख ८० हजार होतात, त्यात भागतं का ते मांडा, आणि ते ग्रामसभेत फळ्यावर मांडा, लोकांना आकडा दिसला की भांडण कमी होतं. घरपट्टीची फेरआकारणी चार वर्षांनी करायची असते, नमुना ८ला म्हणजे घरपट्टीच्या आकारणी नोंदवहीत अजून किती घरं जुन्या मातीच्या घराच्या दराने आहेत बघा, दोन मजली स्लॅब झालाय आणि नोंद पत्र्याची. मतं जातील म्हणून कोणी हात लावत नाही. संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने कर भरणाऱ्याला गिरणीत दळण फुकट दिलं, भास्करराव पेरे पाटलांच्या काळात, आणि वसुली करून दाखवली. स्वतःचं उत्पन्न वाढलं की त्यातले १० टक्के महिला-बालकल्याण, १५ टक्के मागासवर्गीय, ५ टक्के दिव्यांग हे खर्चही खरे होतात, नाहीतर दरवर्षी सतरंज्या आणि कुकर वाटून मोकळं.

उत्पन्नाचं अजून एक उदाहरण मनात कायम असतं, गडचिरोलीतलं मेंढा लेखा. वनहक्क कायद्याखाली २००९ला त्यांना सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडे, तो अधिकार २०११च्या एप्रिलमध्ये ग्रामसभेच्या हातात आला आणि बांबूचा पैसा गावाच्या खात्यात यायला लागला. त्यांच्याकडे निधी आला नाही, त्यांनी हक्क मिळवला आणि निधी स्वतः तयार केला. तुमच्या गावाला जंगल नसेल, पण तळ्यातल्या मासेमारीचा लिलाव, बाजाराची जागा, गाळे, याची यादी करा, कुठे करार संपलेत आणि भाडं दहा वर्षांपूर्वीचंच चाललंय हे हमखास सापडतं.

सीएसआरचं विचारलंत, ते मिळू शकतं पण त्यावर गाव उभं करू नका. मोठ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचा असतो आणि त्यांना वर्षात संपणारं, मोजता येणारं काम हवं असतं. शाळेची दुरुस्ती, पाण्याचं फिल्टर, गाळ काढणं अशी तयार इस्टिमेटची दोन कामं वेगळी काढून ठेवा, कंपनी आलीच तर ती द्या.

ग्रामसेवकांशी, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी, जमवून घ्या. पेमेंट दोघांच्या डिजिटल सहीने होतं, तुमची डीएससी म्हणजे डिजिटल सहीची किल्ली तुमच्याकडेच ठेवा, ग्रामपंचायतीतल्या सेवा केंद्राच्या चालकाच्या ड्रॉवरमध्ये किंवा घरच्या कुणाच्या खिशात नको, हे बायका सरपंच असलेल्या ठिकाणी मला हात जोडून सांगावं लागतं. एमबी म्हणजे मोजमाप पुस्तकातली नोंद झाल्याशिवाय बिल नाही, आणि एमबीच्या दिवशी साइटवर तुम्ही स्वतः उभ्या राहा, टेप धरा.

पुढच्या ग्रामसभेला वेळ आहे. तोपर्यंत एवढंच करा, एका मोठ्या कागदावर पाच रकाने, अडचण, तिचे तुकडे, जागा कुणाची, पैसा कुठला, आणि झाल्यावर चालवणार कोण. पाण्यापासून सुरुवात करा, महिला सभेत भरा. शेवटचा रकाना रिकामा राहिला ते काम यंदा घेऊ नका. कागदाचा फोटो इथे टाका, कुठला तुकडा कुठे बसतो ते मी एकेक करून बघून सांगतो.